पूल बांधणारा जनरल: जॉन मोनॅशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोनॅश म्हणजे ते मेलबर्नचं विद्यापीठ ना? हा माणूस नेमका कोण होता?

हो, तेच. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे शिकायला जातात, माझी भाचीही गेली, आणि तिनेच फोनवर विचारलं की मामा, हे नाव कोणाचं, तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलोय. सर जॉन मोनॅश, जन्म २७ जून १८६५, वेस्ट मेलबर्न. पेशाने सिव्हिल इंजिनियर, शिवाय कायद्याची डिग्री. पहिल्या महायुद्धात आधी एक ब्रिगेड, मग काही ब्रिगेड मिळून होणारी डिव्हिजन आणि १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या सगळ्या पाच ऑस्ट्रेलियन डिव्हिजन त्याच्या हाताखाली होत्या. युद्ध संपल्यावर त्याने व्हिक्टोरिया राज्यात वीज पोचवली. मी स्वतः बांधकामाच्या साईटवर वीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला हा माणूस जनरल म्हणून नंतर आणि इंजिनियर म्हणून आधी कळला, आणि माझं प्रामाणिक मत आहे की त्याची लढाई समजून घ्यायची असेल तर त्याचे पूल आधी बघायला पाहिजेत.

नाव तर इंग्रजी वाटत नाही. मूळचे कुठले?

घराणं ज्यू, प्रशियातल्या क्रोटोशिन गावचं, जे आता पोलंडमध्ये आहे. आजोबांचा तिथे छापखाना होता. वडील लुई ऑस्ट्रेलियात येऊन व्यापारात पडले आणि आडनावाच्या जर्मन स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलं. मधली काही वर्षं कुटुंब जेरिल्डेरी नावाच्या आडगावी होतं, वडिलांचं तिथे दुकान होतं. घरात जर्मन बोलली जायची, आई पियानो वाजवायची आणि मुलगाही उत्तम वाजवायला शिकला. जर्मन भाषा, ज्यू धर्म आणि व्यापाऱ्याचं घर, या तिन्ही गोष्टी पुढे युद्धात त्याच्या आड येणार होत्या.

अभ्यासात हुशार होता का?

शाळेत पहिल्या नंबरात, स्कॉच कॉलेजचा. पण युनिव्हर्सिटीत गेल्यावर पहिल्याच वर्षी नापास! लेक्चर सोडून नाटकं बघत बसायचा आणि लायब्ररीत अभ्यासाबाहेरचं वाचत बसायचा. मग सावरला, तर १८८५ मध्ये आई गेली, घरची परिस्थिती ओढाताणीची, म्हणून शिक्षण अर्धवट टाकून बांधकामावर नोकरी धरली. मेलबर्नच्या प्रिन्सेस ब्रिजवर काम केलं, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास आउटर सर्कल रेल्वेलाईनच्या बांधकामाचा ताबा त्याच्याकडे आला. नोकरी करत करत इंजिनियरिंग, आर्ट्स आणि लॉ अशा तिन्ही डिग्र्या १८९५ पर्यंत पूर्ण केल्या. दिवसभर साईट आणि रात्री अभ्यास हे ज्याने केलंय त्यालाच कळेल की हे बोलण्याइतकं सोपं नसतं.

पूल बांधणारा म्हणजे किती मोठा इंजिनियर होता?

त्याने आणि जे. टी. एन. अँडरसन या भागीदाराने १८९४ मध्ये फर्म काढली आणि त्या काळात अगदी नवीन असलेलं आरसीसी, म्हणजे काँक्रीटमध्ये लोखंड घालायची पद्धत, व्हिक्टोरियात रुजवली. तेव्हा याला मोनिये पद्धत म्हणत, कारण पेटंट मोनिये नावाच्या एका फ्रेंच माळ्याचं होतं आणि त्याने ती सुरुवातीला कुंड्यांसाठी वापरली होती. मेलबर्नला यारा नदीवरचा अँडरसन स्ट्रीटचा पूल (आता मोरेल ब्रिज) १८९९ चा आहे.

पण सगळं सुरळीत नव्हतं. १९०१ मध्ये बेंडिगो गावात किंग्ज ब्रिज नावाचा त्यांचा पूल लोड टेस्टच्या वेळी कोसळला आणि एक माणूस मेला. त्यांनी तो पुन्हा बांधून दिला. दुसऱ्या एका पुलाचे पैसे अडकले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कर्ज डोक्यावर बसलं. यातून वर यायला त्याला काही वर्षं लागली, नंतर मात्र काँक्रीटच्या धंद्यात जम बसला आणि १९१३ पर्यंत तो चांगला सधन झाला होता. मला ही बेंडिगोची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या कामाखाली माणूस गेलाय तो पुढच्या प्रत्येक कामाचा हिशोब तीन-तीनदा तपासतो, मी असे लोक जवळून पाहिलेत. मोनॅशच्या लढाईच्या कागदांवर तोच हात दिसतो.

मग सैन्यात कधी आणि कसा गेला? पूर्णवेळ फौजी नव्हता?

नव्हता, आणि हीच गंमत आहे. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी असते ना, नोकरीधंदा सांभाळून शनिवार-रविवार कवायत, तसली तिथली मिलिशिया. १८८४ मध्ये युनिव्हर्सिटीच्या कंपनीत भरती झाला, मग १८८७ पासून तोफखान्यात, नॉर्थ मेलबर्नच्या बॅटरीत, तिचा कमांडरही झाला. १९०८ मध्ये लेफ्टनंट कर्नल होऊन इंटेलिजन्स कोअरमध्ये नकाशांचं काम, १९१३ मध्ये कर्नल आणि एक इन्फन्ट्री ब्रिगेड. म्हणजे युद्ध पेटलं तेव्हा हा माणूस ४९ वर्षांचा, पोट सुटलेला, यशस्वी धंदेवाला, आणि गोळीबार म्हणाल तर फक्त सरावातला पाहिलेला.

१९१४ मध्ये त्याला लगेच युद्धावर पाठवलं?

आधी महिनाभर सेन्सॉरचं काम दिलं. सप्टेंबरमध्ये चौथ्या ब्रिगेडची कमांड मिळाली, तेव्हा गावभर कुजबूज सुरू झाली की जर्मन आईबापांच्या पोराला आपली मुलं कशी काय सोपवता. निनावी तक्रारी गेल्या. पुढे तर हेर म्हणून त्याला गोळी घातली अशी अफवा ऑस्ट्रेलियात पसरली होती, आणि तो मात्र तिकडे खंदकात होता. डिसेंबर १९१४ मध्ये ब्रिगेड निघाली, इजिप्तला ट्रेनिंग, आणि तिथून तुर्कस्तानातलं गॅलिपोली.

गॅलिपोलीत काय केलं त्याने?

२६ एप्रिल १९१५ ला उतरला, पहिल्या लँडिंगच्या दुसऱ्या दिवशी. समोर उभे कडे, वर तुर्क, खाली एक अरुंद घळ जिला मोनॅश व्हॅली असंच नाव पडलं. त्याच घळीतून रसद वर जायची आणि जखमी खाली यायचे. २ मे च्या रात्रीचा हल्ला घाईघाईत ठरवलेला, वरून लादलेला, आणि त्यात त्याच्या ब्रिगेडची पार वाताहत झाली.

ऑगस्टमध्ये हिल ९७१ वर जायचं होतं. रात्रीची चाल, नकाशे धड नाहीत, काटेरी झुडपांच्या खोल दऱ्या, माणसं जुलाबाने आधीच खंगलेली. ब्रिगेड वाट चुकली आणि शिखरापर्यंत पोचलीच नाही. यावरून मोनॅशवर टीका होते, तो स्वतः पुरेसा पुढे गेला नाही असं काही इतिहासकार म्हणतात, आणि ती टीका अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण असल्या जमिनीवर असल्या प्लॅनने कोण पोचलं असतं हाही प्रश्न आहेच.

गॅलिपोलीत भारतीय सैनिक होते असं ऐकलंय. मोनॅशचा त्यांच्याशी काही संबंध?

थेट होता. ऑगस्टच्या त्या रात्रीच्या चालीत त्याची चौथी ब्रिगेड आणि २९ वी इंडियन ब्रिगेड एकाच कॉलममध्ये होत्या, आणि कॉलमचा प्रमुख कॉक्स हा भारतीय सैन्यातलाच अधिकारी. त्या ब्रिगेडमध्ये शीख आणि गुरखे होते. शिवाय कोहाट आणि जेकब्ज या दोन भारतीय माउंटन बॅटऱ्या पहिल्या दिवसापासून अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या, सैनिकांबरोबर होत्या, खेचरांवरून सुट्या केलेल्या तोफा नेणाऱ्या. मराठा पलटणी कुठे होत्या असं कोणी विचारेल, तर त्यांच्यातल्या बऱ्याच त्या वर्षी मेसोपोटेमियात पूना डिव्हिजनमध्ये लढत होत्या.

आणि एक पुण्याचा धागा. गॅलिपोलीत अँझॅक कोअरचा (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनचा मिळून एक गट) प्रमुख आणि पुढे ऑस्ट्रेलियन कोअरमध्ये मोनॅशच्या आधीचा कमांडर असलेला जनरल बर्डवुड, त्याचा जन्म आपल्या खडकीचा, १८६५ चा. म्हणजे हे दोघे एकाच वर्षी जन्मलेले, एक खडकीत आणि एक मेलबर्नला.

फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर त्याचं नाव कसं झालं?

जुलै १९१६ मध्ये मेजर जनरल होऊन नवी तिसरी डिव्हिजन त्याच्याकडे आली. इंग्लंडात सॅलिसबरी प्लेनवर त्याने ती महिनोन्महिने घडवली, राजा पंचम जॉर्जने सप्टेंबरमध्ये तिची पाहणी केली आणि खूश झाला. जून १९१७ ची मेसिन्सची लढाई, मग ४ ऑक्टोबरला ब्रूडसाईंड, दोन्ही यशस्वी.

आणि मग १२ ऑक्टोबर, पॅशनडेल. पाऊस थांबेना, चिखलात तोफा रुतलेल्या, जखमींना उचलायला एकेका स्ट्रेचरला जास्त माणसं लागायची. मोनॅशने हल्ला पुढे ढकला म्हणून विनंती केली होती, ती ऐकली नाही. एका दिवसात त्याच्या डिव्हिजनचे सुमारे ३,२०० जण मेले किंवा जखमी झाले. घरी बायकोला लिहिलेल्या पत्रांतून त्या दिवसांचा त्याचा संताप कळतो. तयारीशिवाय हल्ला करायचा नाही हे त्याचं मत आधीपासून होतंच, पण यानंतर ते पक्कं झालं असं मला वाटतं.

कोअर कमांडर होताना काहीतरी राजकारण झालं होतं ना?

झालं होतं. मे १९१८ मध्ये बर्डवुडला बढती मिळाली आणि मोनॅशचं नाव ठरलं, तर युद्ध वार्ताहर चार्ल्स बीन आणि पत्रकार कीथ मर्डॉक (हो, रूपर्ट मर्डॉकचे वडील) यांनी लंडनपासून मेलबर्नपर्यंत खटपट सुरू केली की याच्याऐवजी बर्डवुडचा चीफ ऑफ स्टाफ ब्रुडनेल व्हाईट याला नेमा. बीनच्या मनात ज्यू माणसाबद्दल अढी होती हे त्याच्याच लिखाणावरून दिसतं, पुढे त्याने स्वतःची चूक कबूलही केली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज स्वतः फ्रान्सला आले, एकेका कमांडरला विचारलं, सगळ्यांनी मोनॅशच्याच बाजूने सांगितलं आणि विषय संपला. विचार करा, एका बाजूला आयुष्यातल्या सर्वात मोठ्या लढाईची आखणी आणि दुसऱ्या बाजूला पाठीमागे हे चाललेलं, आणि माणूस आपलं काम करत राहिला.

हॅमेलची लढाई एवढी गाजलेली का? गाव तर छोटंसं आहे.

छोटंच आहे, आणि लढाईही छोटीच. पण माझ्या दृष्टीने हे या सगळ्या गोष्टीचं काळीज आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

तोवर पश्चिम आघाडीवर कसं चालायचं, तर दिवसेंदिवस तोफा डागायच्या, मग शिट्टी वाजली की पायदळाने खंदकातून वर चढून मशीनगनसमोर चालत जायचं. जुलै १९१६ मध्ये फ्रोमेल इथे एका रात्रीत साडेपाच हजारांवर ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मोनॅशचं म्हणणं असं की पायदळाने छाती काढून मरायचं काम करू नये, तोफा, मशीनगन, रणगाडे, मॉर्टर, विमानं या सगळ्यांच्या आडोशाने पुढे जावं आणि जिंकलेली जागा ताब्यात ठेवावी. ऐकायला साधं आहे, पण हे सगळं एकाच मिनिटाला एकत्र आणायचं म्हणजे काय ते साईटवर मोठा स्लॅब टाकलेल्या माणसाला विचारा, रेडीमिक्सची गाडी, पंप, व्हायब्रेटर, सेंटरिंगवाला, बारबेंडर, एकजण उशिरा आला की सगळं जागच्या जागी घट्ट होतं.

त्याने काय केलं. हल्ल्याआधी सगळ्या विभागांच्या अधिकाऱ्यांची मीटिंग घेतली, अजेंड्यावर १३३ मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्यावर ज्याचं काम त्याने बोलायचं, शंका तिथेच काढायची, एकदा ठरलं की नंतर बदल नाही. ऑस्ट्रेलियन जवानांचा रणगाड्यांवर काडीचा विश्वास नव्हता, कारण एप्रिल १९१७ मध्ये बुलकूरला रणगाड्यांनी त्यांना दगा दिला होता, म्हणून त्याने पलटणींना बसमधून रणगाडेवाल्यांकडे नेलं, सोबत सराव करायला लावला, आत बसवून फिरवलं, रणगाड्यांवर पलटणीच्या खुणा रंगवल्या. आदल्या काही पहाटे तोफांतून गॅस आणि धूर मिसळून सोडला, म्हणजे जर्मनांना सवय लागली की धूर दिसला की मास्क चढवायचा, आणि खऱ्या दिवशी नुसता धूर सोडला, जर्मन मास्क घालून चाचपडत बसले आणि आपली माणसं मोकळ्या तोंडाने पुढे. रणगाड्यांचा आवाज झाकायला वरून विमानं फिरवली. मशीनगनच्या गोळ्या विमानातून पॅराशूटने खाली टाकल्या. काटेरी तार, पाणी, दारूगोळा घेऊन जाणारे चार रणगाडे वेगळे होते, आणि त्या चौघांनी नेलेला माल डोक्यावरून न्यायला बाराशेच्या आसपास माणसं लागली असती.

तारीख ठेवली ४ जुलै, कारण अमेरिकन कंपन्या बरोबर होत्या. ऐन वेळी अमेरिकेचा जनरल पर्शिंग म्हणाला माझी माणसं काढा. काही काढली, आणि मग आदल्या दुपारी बाकीचीही काढा असा निरोप आला. मोनॅशने स्पष्ट सांगितलं की आता काढायला उशीर झालाय, काढलीत तर हल्लाच रद्द करतो. प्रकरण थेट ब्रिटिश सरसेनापती हेगपर्यंत गेलं आणि चार कंपन्या राहिल्या.

पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी सुरू. मोनॅशचा अंदाज होता ९० मिनिटं, लागली ९३. दीड हजारांवर जर्मन पकडले गेले. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन मिळून १,४०० च्या आसपास मेले किंवा जखमी झाले, आणि हा आकडा लहान म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण त्या काळच्या मानाने तो खरंच लहान होता. ब्रिटिश मुख्यालयाने नंतर या लढाईची पुस्तिका छापून इतर अधिकाऱ्यांना वाटली.

८ ऑगस्ट १९१८ म्हणजे काय?

हॅमेलचं मोठं रूप, आमियाँ गावाच्या पूर्वेला. शेजारी कॅनेडियन कोअर, पलीकडे ब्रिटिश आणि फ्रेंच. पहाटे ४:२० ला धुक्यात सुरुवात झाली, सकाळभरात जर्मन फळी फाटली, एकट्या ऑस्ट्रेलियन कोअरने जवळपास ८,००० कैदी धरले. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फने पुढे या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटलं. चारच दिवसांनी, १२ ऑगस्टला, राजाने बेर्तांगल इथल्या वाड्यात, मोनॅशच्या मुख्यालयातच, त्याला नाईट केलं.

त्यानंतर युद्ध संपेपर्यंत?

३१ ऑगस्टपासून माँ सँ कँताँ आणि पेरोन, जिथे दमलेल्या, तुटपुंज्या तुकड्यांनी चढावर जाऊन टेकडी घेतली. मग हिंडेनबर्ग लाईन, २९ सप्टेंबरला कालव्यावरची लढाई, दोन नव्या अमेरिकन डिव्हिजन त्याच्या हाताखाली, आणि तिथे प्लॅन नीट बसला नाही, अमेरिकनांचं फार नुकसान झालं. ५ ऑक्टोबरला माँब्रेआँ, आणि मग ऑस्ट्रेलियन पायदळ विश्रांतीसाठी मागे घेतलं.

त्याने जवानांना जास्त पिळलं असंही वाचलंय. खरं आहे?

बऱ्याच अंशी खरं आहे. हजारेक माणसांच्या बटालियन दोन-तीनशेवर आल्या होत्या. ऑस्ट्रेलियन फौज पूर्ण स्वयंसेवकांची, सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव लोकांनी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा मतदानाने फेटाळलेला, त्यामुळे मागून नवी माणसं येत नव्हती. सप्टेंबरमध्ये पहिल्या बटालियनच्या शंभरावर जवानांनी पुढे जायला नकार दिला. काही बटालियन मोडून इतरांत मिसळायचा हुकूम आला तेव्हाही जवान अडून बसले, आम्हाला लढायला सांगा पण आमच्याच नावाने, आणि मोनॅशने तेव्हा जोर न करता हुकूम पुढे ढकलला. तो म्हणे की शत्रू आत्ता कोलमडतोय, आत्ता थांबलो तर पुढच्या वर्षी याहून जास्त मरतील. मला त्याचं म्हणणं पटतं, पण त्या पेरोनच्या चढावर ज्याचा भाऊ गेला त्याला हे पटावं अशी अपेक्षा मी करू शकत नाही.

युद्ध संपल्यावर काय केलं?

सगळ्यांना घरी पोचवलं. हे वाक्य छोटं आहे, काम प्रचंड होतं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये अडकलेले एक लाख साठ हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन, जहाजांची टंचाई, आणि घरी जायची घाई. लंडनला ऑफिस मांडून त्याने साधारण आठ महिन्यांत बहुतेकांना रवाना केलं, जो आधी आला तो आधी जाईल या तत्त्वावर, आणि जहाजाची वाट बघेपर्यंत जवानांना कॉलेजात, कारखान्यात, शेतीवर शिकायला पाठवलं.

स्वतः १९१९ च्या डिसेंबरअखेर घरी आला आणि दोन महिन्यांत बायको व्हिक्टोरिया गेली, कॅन्सरने.

आणि ते विजेचं काय?

व्हिक्टोरिया राज्य कोळशासाठी शेजारच्या न्यू साउथ वेल्सवर अवलंबून, तिथे खाणीत संप झाला की इकडे अंधार. लाट्रोब खोऱ्यात लिग्नाइट भरपूर, पण अर्ध्याहून जास्त पाणीच, जळायला कठीण. १९२० मध्ये मोनॅश राज्याच्या वीज आयोगाचा प्रमुख झाला. यालूर्न इथला कोळसा अंदाजापेक्षाही ओला निघाला, बॉयलर बदलावे लागले, मंत्र्यांशी खटके उडाले, पण १९२४ मध्ये तिथली वीज मेलबर्नला आली. शिवाय १९२३ पासून शेवटपर्यंत मेलबर्न विद्यापीठाचा कुलगुरू, ज्या विद्यापीठात पहिल्या वर्षी नापास झाला होता त्याच.

मंदीच्या काळात काही बड्या लोकांनी त्याला पत्र लिहिलं की तुम्ही पुढे व्हा, देश हातात घ्या. त्याने साफ नकार दिला, उपाय असेल तर मतपेटी आणि शिकलेला मतदार एवढाच असं कळवलं. त्या दशकात युरोपातले सेनानी काय करत होते ते आठवलं की या नकाराची किंमत कळते.

तो भारतात कधी आला होता का?

आला होता, १९३१ च्या सुरुवातीला. नवी दिल्लीच्या उद्घाटनाला ऑस्ट्रेलिया सरकारचा प्रतिनिधी म्हणून. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला तो मेलबर्नला वारला, हृदयविकाराने. अंत्ययात्रेला अडीच लाखांवर लोक होते.

फील्ड मार्शल का नाही झाला?

१९२९ मध्ये पूर्ण जनरल केलं, फील्ड मार्शल नाही. हाताखालचा त्याचा चीफ ऑफ स्टाफ ब्लेमी मात्र १९५० मध्ये झाला. मरणोत्तर द्यावं अशी मोहीम चालली, माजी उपपंतप्रधान टिम फिशर तिच्यात पुढे होते, २०१८ मध्ये सरकारने नाही म्हटलं.

आज त्याच्या खुणा कुठे बघायला मिळतील?

मेलबर्नला असाल तर मोरेल ब्रिजवरून चालत जा, गाड्यांना बंद आहे आणि माणसांना, सायकलींना उघडा. शंभर डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. फ्रान्समध्ये विलेर-ब्रेतोनोच्या स्मारकामागे २०१८ मध्ये त्याच्या नावाचं केंद्र उघडलं. मुंबईकरांना पवईत, आयआयटीच्या आवारात, मोनॅश विद्यापीठाबरोबरची रिसर्च अकॅडमी आहे, तिथली पाटी वाचून पुढे जाणाऱ्या मुलांना हे नाव कोणाचं ते कोणीतरी सांगायला हवं. यालूर्न गाव मात्र शोधू नका, ऐंशीच्या दशकापर्यंत ते पाडून खालचा कोळसा काढला. त्याची कबर मेलबर्नच्या ब्रायटन स्मशानभूमीत आहे, दगडावर पदवी नाही, हुद्दा नाही, त्याच्याच इच्छेप्रमाणे फक्त जॉन मोनॅश एवढंच कोरलेलं आहे, त्यामुळे जाताना जरा नीट बघत जा, नाहीतर पुढे निघून जाल.